विश्लेषण : नुसत्या डोळ्यांना न दिसणारा कोळी संत्र्याच्या बागा कशा आजारी पाडतो?

ब्राझीलमधील साओ पावलो राज्य आणि त्याला लागून असलेला मिनास जेराइस राज्याचा पश्चिमेकडचा पट्टा म्हणजे जगाच्या संत्रा रसाचे कोठार. जागतिक संत्रा रस व्यापारात एकट्या ब्राझीलचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश आहे. २०२४-२५ च्या हंगामात या पट्ट्यात ४०.८ किलोच्या जेमतेम २३ कोटी पेट्या निघाल्या. आदल्या हंगामात हाच आकडा ३० कोटींच्या वर होता. परिणामी २०२४ मध्ये संत्रा रसाच्या वायद्यांनी विक्रमी भाव गाठले. या घसरणीचे खापर दुष्काळ, उष्णतेच्या लाटा आणि ‘ग्रीनिंग’ या रोगावर फुटले आणि ते योग्यच होते. मात्र त्याच बागांमध्ये आणखी एक रोग दशकानुदशके ठाण मांडून आहे. तो कोळ्यामार्फत पसरतो, विषाणूमुळे होतो आणि त्याच्यावर दरवर्षी कोट्यवधी डॉलरची फवारणी होते. हा ‘लेप्रोसिस’ रोग नेमका पसरतो कसा? ग्रीनिंगविरुद्धची लढाई त्याच्या पथ्यावर का पडते? आणि महाराष्ट्रातील बागायतदारांनी त्याची दखल का घ्यावी?

लेप्रोसिस म्हणजे काय?

लेप्रोसिस हा लिंबूवर्गीय फळझाडांवरील विषाणूजन्य रोग आहे. पानांवर पिवळसर गोल चट्टे उठतात, फळांवर खोलगट तपकिरी डाग पडतात आणि कोवळ्या फांद्यांची साल खवल्यांसारखी सुटू लागते. डाग पडलेली फळे पिकण्याआधीच गळतात. फांद्यांवरील डाग वाढत गेले की फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास, विशेषतः लहान वयाचे झाड पूर्णपणे वाळूही शकते.

त्वचेवरील चट्ट्यांसारख्या डागांवरून हे नाव पडले असले, तरी माणसाच्या कुष्ठरोगाशी या रोगाचा काडीचाही संबंध नाही. डाग असलेले फळ किंवा त्याचा रस माणसाला अपायकारक नसतो. नुकसान होते ते बागायतदाराचे, कारण फळ झाडावर टिकत नाही आणि टिकलेच तर बाजारात त्याला भाव मिळत नाही.

या रोगाला सर्वाधिक कारणीभूत ठरणारा विषाणू ‘सायलीव्हायरस’ गटातील असून त्याला ‘सी’ प्रकार म्हणून ओळखले जाते. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एलियट किताजिमा यांनी १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोगट पेशींमध्ये विषाणूसदृश कण पाहिले. आज हा विषाणू ज्या कुळात मोडतो, त्या ‘किताव्हिरिडी’ कुळाला त्यांचेच नाव देण्यात आले आहे. विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना मात्र २००६ मध्ये समोर आली.

झाडात न फिरणारा विषाणू

लेप्रोसिस समजून घेण्याची किल्ली एका विचित्र गोष्टीत आहे. झाडांचे बहुतेक विषाणू एकदा आत शिरले की अन्नवाहिन्यांतून सगळीकडे पसरतात. ग्रीनिंगचे जिवाणूही तसेच वागतात. सायला ही कीड एखाद्या फांदीवर बसून रस शोषते आणि काही महिन्यांत अख्खे झाड रोगट होते. ते झाड बरे करता येत नाही, उपटावेच लागते.

लेप्रोसिसचा विषाणू असा प्रवास करत नाही. कोळ्याने जिथे सोंड खुपसली, त्याच ठिकाणच्या मोजक्या पेशींमध्ये तो अडकून पडतो. त्यामुळे एका पानावर दहा डाग असतील, तर तिथे साधारण दहा वेळा स्वतंत्र लागण झालेली असते. झाडाच्या एका बाजूच्या फांद्या डागांनी भरलेल्या आणि दुसरी बाजू हिरवीगार, असे चित्र बागेत सहज दिसते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली दिलासा देणारी : झाड उपटण्याची गरज नसते, डाग असलेल्या फांद्या छाटल्या तर विषाणूही त्यांच्याबरोबर निघून जातो. दुसरी चिंतेची : विषाणूला पुढे सरकण्यासाठी प्रत्येक वेळी कोळ्याचीच गरज लागते, त्यामुळे रोगाचा सगळा हिशेब कोळ्यांच्या संख्येवर ठरतो. बागेत डाग आहेत पण कोळी नाहीत, तर रोग जागच्या जागी थांबतो. कोळी आहेत पण डाग नाहीत, तर कोळी फारसे नुकसान करत नाहीत. दोन्ही एकत्र आले की आग लागते.

हा कोळी कोण?

रोगाचा मुख्य वाहक ‘ब्रेव्हिपाल्पस योथर्सी’ नावाचा चपटा, लालसर कोळी आहे. पूर्वी त्याला ‘ब्रेव्हिपाल्पस फिनिसिस’ या नावानेच ओळखत. २०१५ मध्ये बारकाईने केलेल्या वर्गीकरणात त्या एका नावाखाली अनेक प्रजाती दडल्याचे स्पष्ट झाले. त्याची लांबी साधारण पाव ते एक-तृतीयांश मिलिमीटर असते. भिंगाशिवाय तो ओळखू येत नाही. इतर कोळ्यांसारखी जाळी विणत नसल्याने त्याचा मागमूसही लागत नाही.

कोळी हा कीटक नाही. पूर्ण वाढ झाल्यावर त्याला आठ पाय असतात आणि जैविकदृष्ट्या तो गोचीड व विंचवाच्या वर्गातला आहे. त्यामुळे अनेक कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत, त्यासाठी वेगळी कोळीनाशके लागतात.

त्याची वंशवाढही वेगळीच आहे. या कोळ्यांमध्ये जवळपास सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय त्या अंडी घालतात. त्यांच्या शरीरात राहणारा ‘कार्डिनियम’ नावाचा जिवाणू संभाव्य नरांचे माद्यांत रूपांतर करतो, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे : निरोगी बागेत एकच मादी पोहोचली, तरी तिच्यापासून पूर्ण वसाहत उभी राहू शकते.

मात्र अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू निरोगी असते. विषाणू आईकडून अंड्यात जात नाही. पिल्लाने, त्यानंतरच्या अवस्थेतील कोळ्याने किंवा प्रौढ मादीने डागावर बसून रस शोषला, तरच ती वाहक होते. त्यासाठी काही तास पुरतात. एकदा विषाणू अंगात आला की तो बराच काळ टिकतो आणि कोळी जिथे जिथे सोंड खुपसेल तिथे नवा डाग उठण्याची शक्यता असते. हा डाग डोळ्यांना दिसायला साधारण तीन आठवडे ते दोन महिने लागतात. म्हणजे बागायतदाराला डाग दिसतो, तोवर तो देऊन जाणारा कोळी बहुधा पुढे निघून गेलेला असतो.

एका झाडावरून दुसऱ्या झाडावर कसा जातो?

या कोळ्याला पंख नसतात आणि तो मंद चालतो. झाडाच्या आत तो पानावरून फळावर, फळावरून फांदीवर सरकत राहतो. शेजारच्या झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडल्या असतील, तर चालतच पलीकडे जातो. बागेत ओळीतील झाडे एकमेकांच्या जवळ आणि दोन ओळींतील अंतर जास्त असते. म्हणूनच हा रोग ओळीने पुढे सरकताना आणि बागेत ठिकठिकाणी पुंजक्यांनी दिसतो.

लांबचा प्रवास त्याला इतरांच्या मदतीने करावा लागतो. वारा थोडेफार कोळी वाहून नेतो. पण मोठा वाटा माणसाचा असतो. तोडणी करणाऱ्या मजुरांचे कपडे, खांद्यावरील पिशव्या, शिड्या, फळांचे क्रेट, ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांवर बसून कोळी एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो. नवीन भागात रोग पोहोचवण्याचे सर्वात सोपे साधन म्हणजे कोळी किंवा डाग असलेली रोपे.

कोळ्याच्या आवडीनिवडीही ठरलेल्या आहेत. पानांपेक्षा त्याला फळे अधिक आवडतात, तीही झाडाच्या आतल्या बाजूची. गुळगुळीत सालीपेक्षा खरबरीत, खपली धरलेली साल त्याला लपायला आणि अंडी घालायला सोयीची पडते. कोरड्या महिन्यांत त्याची संख्या झपाट्याने वाढते. त्यामुळे ब्राझीलमध्ये उशिरा पिकणाऱ्या जातींना अधिक फटका बसतो. त्यांची फळे कोरड्या हंगामात दीर्घकाळ झाडावर राहतात आणि जुनी फळे उतरण्याआधीच नवी फळे धरतात. कोळ्याला जुन्या डागाळलेल्या फळावरून नव्या कोवळ्या फळावर जायला तयार पूलच मिळतो.

बागेतील तणही यात सामील आहे. हा कोळी शेकडो प्रकारच्या झाडाझुडपांवर जगतो, त्यात जास्वंदही आली. ब्राझीलच्या बागांमध्ये केना या तणावर लेप्रोसिसच्या विषाणूची नैसर्गिक लागण आढळली आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीचे, पावसाळ्यात बांधावर फोफावणारे केना ते हेच.

इतकी फवारणी होऊनही रोग का टिकून आहे?

लेप्रोसिसच्या कोळ्यासाठी ब्राझीलमध्ये दरवर्षी होणारा फवारणीचा खर्च आठ ते दहा कोटी डॉलरच्या घरात असल्याचा अंदाज अनेक वर्षे दिला जात असे. नंतरचे अंदाज त्याहून कमी असले, तरी खर्च मोठाच आहे. तरीही रोग हटलेला नाही, याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण प्रतिकारशक्तीचे. तीच ती कोळीनाशके वर्षानुवर्षे वापरल्याने साओ पावलोतील कोळ्यांमध्ये डायकोफॉल आणि हेक्झिथायाझॉक्ससारख्या औषधांना दाद न देणाऱ्या वसाहती तयार झाल्या. जी प्रभावी औषधे उरली, त्यांतील काहींवर बाजारपेठेचे बंधन आले. स्पायरोडायक्लोफेनची युरोपीय संघातील मान्यता २०२० मध्ये संपली. ब्राझीलच्या रसाचा मोठा ग्राहक युरोप असल्याने निर्यातीसाठी रस पुरवणाऱ्या बागांना हे औषध वापरणे अवघड झाले.

दुसरे कारण फवारणीच्या पद्धतीचे. कोळी झाडाच्या आतल्या फळांवर बसतो आणि फवारा बाहेरच्या पानांवर पडतो. पाणी आणि डिझेल वाचवण्यासाठी फवाऱ्याचे प्रमाण कमी केले, की आतले कोळी वाचतात आणि काही आठवड्यांत संख्या पूर्ववत होते.

तिसरे कारण सर्वात गुंतागुंतीचे आहे आणि त्याचा धागा ग्रीनिंगशी जोडलेला आहे. साओ पावलोतील ‘फंडेसिट्रस’ या बागायतदार व रस उद्योगाच्या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये या पट्ट्यातील सुमारे ४४ टक्के झाडांवर ग्रीनिंगची लक्षणे होती. सायलाला रोखण्यासाठी बागायतदार वारंवार कीटकनाशके फवारतात. त्यांतील अनेक औषधे चपट्या कोळ्याला मारत नाहीत, मात्र त्याला खाणारे परभक्षी मित्रकोळी त्यांना बळी पडतात. शत्रू शिल्लक आणि शत्रूचा शत्रू नाहीसा, अशी ही स्थिती. ग्रीनिंगपासून बाग वाचवताना लेप्रोसिसला मोकळे रान मिळते आणि मग कोळीनाशकाची आणखी एक फवारणी वाढते. सायलाची फवारणी थांबवणे परवडणारे नाही, त्यामुळे बागायतदारापुढे दोन्हीकडून अडचण आहे.

फ्लोरिडातून रोग कसा गेला?

लेप्रोसिसची पहिली ठळक नोंद ब्राझीलची नव्हे, तर अमेरिकेतील फ्लोरिडाची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेथे ‘खवल्या सालीचा रोग’ म्हणून तो ओळखला जाई आणि त्याने बागा उद्ध्वस्त केल्या होत्या. पुढे दुसऱ्याच एका कोळ्यासाठी तेथे गंधकाची फवारणी नियमित होऊ लागली. तिने हा कोळीही आटोक्यात आला. जोडीला कडाक्याच्या थंडीच्या लाटा आल्या. १९६० च्या दशकानंतर हा रोग तेथे दिसेनासा झाला.

या कथेला २०१५ मध्ये एक वळण मिळाले. संशोधकांनी फ्लोरिडातील संग्रहात अनेक दशके जपून ठेवलेली वाळलेली रोगट पाने तपासली. त्यांत सापडलेला विषाणू आजच्या ब्राझीलमधील ‘सी’ प्रकारचा नव्हता. तो पेशीकेंद्रात वाढणाऱ्या वेगळ्याच गटातील होता. म्हणजे ‘लेप्रोसिस’ हे एका विषाणूचे नाव नाही. एकमेकांशी दूरचे नातेही नसलेले किमान दोन गट कोळ्याच्या एकाच वंशावर स्वार होऊन जवळपास सारखेच डाग पाडतात.

हीच बाब आज चिंतेची ठरते आहे. ‘सी’ प्रकार २००० नंतरच्या दशकात कोलंबिया आणि मध्य अमेरिकेतून मेक्सिकोपर्यंत पोहोचला. कोलंबियात त्याचा नवा भाऊबंद सापडला. ऑर्किडच्या फुलझाडांवर जगभर आढळणाऱ्या एका विषाणूचे काही प्रकार मेक्सिको, कोलंबिया, दक्षिण आफ्रिका आणि हवाई येथे लिंबूवर्गीय झाडांवर लेप्रोसिससारखी लक्षणे दाखवू लागले. वाहक कोळी आधीपासून हजर असेल, तर त्याला नवा प्रवासी मिळणे अशक्य नसते.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

येथे एक भाषेचा घोळ आधी सोडवावा लागतो. ब्राझीलमध्ये ज्याला ‘ऑरेंज’ म्हणतात आणि ज्याचा रस जगभर जातो, ते फळ म्हणजे नागपुरी संत्रे नव्हे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते मोसंबीच्या प्रजातीतले फळ आहे. नागपुरी संत्रे हे सहज सोलता येणाऱ्या मँडरिन गटात मोडते. ‘सी’ प्रकारच्या विषाणूला मोसंबीची प्रजाती सर्वाधिक बळी पडते, मँडरिन गट तुलनेने कमी आणि लिंबे त्याहून कमी. म्हणजे असा रोग उद्या आलाच, तर पहिला धोका जालना, छत्रपती संभाजीनगर आणि विदर्भातील मोसंबीच्या बागांना असेल.

‘सी’ प्रकारच्या विषाणूचा वावर आजवर अमेरिका खंडांपुरता मर्यादित राहिला आहे. मात्र ब्रेव्हिपाल्पस वंशाचे चपटे कोळी भारतात नवे नाहीत. चहाच्या मळ्यांत ते जुन्या काळापासून उपद्रवी म्हणून ओळखले जातात. विदर्भातील संत्रा उत्पादकांना कोळ्यांची ओळख आहे ती वेगळ्या प्रजातींमुळे. फळांच्या सालीवर विटकरी-तपकिरी छटा आणणाऱ्या या प्रादुर्भावाला शेतकरी ‘लाल्या’ म्हणतात. लाल्या म्हणजे लेप्रोसिस नव्हे, त्यात विषाणू नसतो. पण फळावरचा प्रत्येक तपकिरी डाग लाल्याच समजून सोडून देण्याची सवय पुढे महागात पडू शकते.

खरी कसोटी रोपवाटिकांची आहे. वरूड, मोर्शी आणि शेंदूरजना घाट परिसरातून संत्रा व मोसंबीची कलमे दूरदूर जातात. त्यांतील बरीच उघड्यावर तयार होतात. साओ पावलो राज्याने वेगळ्या रोगांमुळे का होईना, २००३ पासून लिंबूवर्गीय रोपे जाळीच्या बंदिस्त रोपवाटिकेतच तयार करणे सक्तीचे केले. महाराष्ट्रात नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था रोगमुक्त रोपांचा आग्रह धरते. पण स्वस्त रोप आणि खात्रीचे रोप यांतील फरक बागायतदाराला पाच-सहा वर्षांनी कळतो, हीच अडचण आहे.

दुसरा मुद्दा बहराचा. एकाच झाडावर आंबिया आणि मृग अशी दोन्ही बहरांची फळे घेतली, तर जुनी आणि नवी फळे एकत्र राहतात. ब्राझीलमधील उशिराच्या जातींमध्ये कोळ्याला जो पूल मिळतो, तसाच तो येथेही मिळू शकतो. एका वर्षी एकच बहर धरण्याच्या जुन्या सल्ल्याला त्यामुळे आणखी एक आधार मिळतो.

उपाय काय?

लेप्रोसिसवर औषध नाही. जगभरचा अनुभव एकाच दिशेने बोट दाखवतो : डाग आणि कोळी यांची गाठ पडू द्यायची नाही. ब्राझीलमध्ये बागेतील ठरावीक टक्के झाडांची, आतल्या बाजूच्या फळांची नियमितपणे भिंगाने तपासणी केली जाते आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फळांवर कोळी दिसले तरच फवारणी होते. रोग असलेल्या बागेत ही मर्यादा खूपच खाली आणली जाते. तारखेनुसार फवारण्यापेक्षा मोजून फवारणे स्वस्त पडते आणि कोळ्यांमध्ये औषधाला प्रतिकारही उशिरा येतो.

छाटणीचा उपयोग होतो, पण क्रम चुकला तर नाही. आधी कोळ्यांचा बंदोबस्त, मग डागाळलेल्या फांद्यांची छाटणी, असा तो क्रम आहे. कोळी तसेच ठेवून फांद्या कापल्या, तर अंगात विषाणू असलेले कोळी नव्या कोवळ्या फुटीवर जाऊन बसतात. तोडणीनंतर एकही जुने फळ झाडावर न ठेवणे, तण काढणे, तसेच पिशव्या आणि क्रेट दुसऱ्या बागेत नेण्याआधी स्वच्छ करणे ही कामे बिनखर्चिक वाटली, तरी तीच रोगाची साखळी तोडतात.

देशाच्या पातळीवर पहिली भिंत विलगीकरणाची आहे. परदेशातून लिंबूवर्गीय रोपे आणि कलमाच्या काड्या आणण्यावर भारतात २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाचे निर्बंध आहेत. कोळ्याएवढा प्रवासी मात्र सामानातून आणलेल्या एखाद्या हौशी कलमावरही येऊ शकतो. ब्राझीलने या रोगासोबत जगायला शिकण्यासाठी जवळपास एक शतक आणि अमाप पैसा खर्च केला. महाराष्ट्रातील बागायतदाराला तो धडा आज एका भिंगाच्या किमतीत गिरवता येण्यासारखा आहे.